कृष्णवर्णीय महिलांचे आरोग्य आणि डिजिटल साधने : समता कुठे वाढते, कुठे अडते?

अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला. गोऱ्या मातांमध्ये हे प्रमाण १४.५ होते, म्हणजे फरक जवळपास साडेतीन पट. गर्भधारणेशी संबंधित ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू टाळता येण्यासारखे असतात, असे तिथलेच रोग नियंत्रण केंद्र (सीडीसी) सांगते.

याचे कारण फक्त गरिबी नाही. २००७ ते २०१६ या काळात पदवीधर कृष्णवर्णीय महिलांमधील असे मृत्यू पदवीधर गोऱ्या महिलांच्या ५.२ पट होते. टेनिसपटू सेरेना विल्यम्सलाही २०१७ मध्ये बाळंतपणानंतर धाप लागली. फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याची शंका तिने स्वतः बोलून दाखवली, तेव्हा औषधांमुळे तिचा गोंधळ होतोय असे नर्सला वाटले. तपासणीत गुठळ्या सापडल्या. शिक्षण, पैसा, प्रसिद्धी सगळे असूनही आधी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला नाही. डिजिटल साधनांकडे पाहताना हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा.

उपयोगी ठरलेली साधने

रक्तदाबाचा एसएमएस : बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत रक्तदाब वाढणे जीवघेणे ठरू शकते. पण तान्हे बाळ घेऊन दवाखान्यात परत जाणे अनेकींना जमत नाही. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०६ महिलांवर एक प्रयोग केला. निम्म्या महिलांना नेहमीप्रमाणे तपासणीला बोलावले. उरलेल्यांना रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरी दिले आणि रोज मेसेज पाठवून आकडा मागितला. दवाखान्याच्या पद्धतीत सुमारे ७० टक्के इतर महिलांची नोंद झाली, कृष्णवर्णीय महिलांची मात्र ३३ टक्केच. मेसेजच्या पद्धतीत दोन्ही गटांत ९० टक्क्यांहून अधिक नोंद झाली. यासाठी स्मार्टफोन किंवा ॲपचीही गरज पडली नाही.

'इर्थ' : पत्रकार किंबर्ली सील्स ॲलर्स यांनी सुरू केलेले हे ॲप. इंग्रजी 'बर्थ' शब्दातला 'बी' म्हणजे 'बायस', पूर्वग्रह. तो काढून हे नाव तयार झाले. कोणत्या डॉक्टरने किंवा रुग्णालयाने कशी वागणूक दिली, हे कृष्णवर्णीय आणि इतर वर्णाच्या महिला इथे नोंदवतात. एकेकीची तक्रार दाबता येते. शेकडो नोंदी एकत्र आल्या की तो पुरावा होतो.

'हेल्थ इन हर ह्यू' : ॲशली विस्डम यांचा हा मंच कृष्णवर्णीय महिलांना त्यांची परिस्थिती समजून घेणारे डॉक्टर शोधून देतो.

यंत्रातला भेदभाव

तंत्रज्ञान आपोआप निःपक्षपाती नसते. तीन उदाहरणे पाहा.

- ऑक्सिमीटर : २०२० च्या एका अभ्यासात, रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले. यंत्राचा प्रकाश त्वचेतून जातो आणि गडद त्वचेवर मोजणी चुकू शकते. कोरोनाकाळात हेच यंत्र आपल्याही घराघरात होते.
- खर्चावरून आजार : कोणत्या रुग्णाला जादा मदत द्यायची हे ठरवणारा एक अल्गोरिदम रुग्णावर झालेल्या खर्चावरून आजाराची तीव्रता मोजत होता. कृष्णवर्णीयांवर मुळात खर्चच कमी होत असल्याने ते 'कमी आजारी' ठरत. २०१९ च्या अभ्यासानुसार ही चूक सुधारली तर जादा मदतीस पात्र रुग्णांत त्यांचा वाटा १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जातो.
- प्रसूतीचा कॅल्क्युलेटर : आधी सिझेरियन झालेल्या महिलेची पुढची प्रसूती नैसर्गिक होण्याची शक्यता सांगणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये 'कृष्णवर्णीय' असे नोंदवले की ती शक्यता कमी दाखवली जाई. टीकेनंतर २०२१ मध्ये वंशाचा रकाना नसलेली आवृत्ती आली.

खाजगी माहितीचा प्रश्न

पाळी आणि गर्भधारणेची नोंद ठेवणारे 'फ्लो' हे ॲप महिलांची माहिती फेसबुक आणि गुगलसारख्या कंपन्यांना पुरवते, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये केला होता. त्यानंतर तडजोड झाली. ज्या समाजाकडे व्यवस्था आधीच संशयाने पाहते, त्या समाजातील महिलेला अशा गळतीची किंमत जास्त मोजावी लागते.

आपल्यासाठी धडा

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या ब्लॅक पँथरने मोर्च्यांसोबत मोफत दवाखाने चालवले आणि सिकलसेलच्या तपासण्याही केल्या. सिकलसेल विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांनाही परका नाही. आज आरोग्याचे ॲप बनवणाऱ्या किंवा वस्तीत वापरायला देणाऱ्या तरुणांनी चार प्रश्न विचारावेत : हे कोणाच्या शरीरावर तपासले? साध्या फोनवर चालते का? माहिती कोणाच्या हाती जाते? आणि बाईने धोक्याची खूण कळवली, तर पलीकडे उत्तर द्यायला माणूस आहे का?

फिलाडेल्फियातही मेसेजने आकडा गोळा केला; तो धोक्याचा आला की पुढे डॉक्टरच लागत होता.