नकाशांतील रेघांची भाषा

नकाशा उघडला कीं आपली दृष्टि प्रथम रंगाकडे वळते. परंतु छपाईच्या इतिहासांत रंग ही दीर्घकाळ चैनीची वस्तु होती. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला नकाशा काळ्या शाईनें उमटे. रंग हवा असल्यास तो प्रत्येक प्रतीवर हातानें भरावा लागे. या अडचणींतून रेघांची भाषा जन्मास आली.

१६३८ सालीं रोम येथें सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पंडितानें युरोपांतील घराण्यांच्या ढालचिन्हांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत तांबड्या रंगासाठीं उभ्या रेघा, निळ्यासाठीं आडव्या, सोनेरीसाठीं ठिपके अशी योजना होती. पुढें १७९९ मध्यें सॅक्सनीचा लष्करी अधिकारी योहान गेओर्ग लेमान यानें डोंगरउतार दाखविणाऱ्या रेघांना गणिताची शिस्त लावली. सपाट भूमि पांढरी. उतार जसा तीव्र, तशी रेघ जाड. आणि ४५ अंशांवर सारें काळें! रेघ ही आतां केवळ शोभा राहिली नाहीं. ती अर्थ सांगूं लागली.

खोदकाम करणारा कारागीर डोळस असे. दलदलीची खूण सीमेवर अर्धी तुटूं लागली, तर तो ती किंचित् आंत सरकवी. संगणकाला हा विवेक कोठून असणार? तो ठरीव नमुना ओळीनें मांडतो आणि क्षेत्राची कड आली कीं कात्रीनें कापावा तसा कापतो. मग अर्धें झाड झुडुपासारखें दिसतें, आणि लहानशा क्षेत्रांत तर एकही पुरी खूण उरत नाहीं.

गॅरी शर्मन यांनीं २००२ मध्यें आरंभिलेल्या ‘क्यूजीआयएस’ या मुक्त नकाशाप्रणालीनें २०२२ च्या ३.२४ या आवृत्तींत यावर उपाय दिला. खुणा कडेवर कापाव्या, संपूर्ण आंत मावणाऱ्याच ठेवाव्या, मध्यबिंदु आंत असलेल्या घ्याव्या, कीं मुळींच कापूं नयेत, हें नकाशाकारानें ठरवावें. रेघांचा आरंभ प्रत्येक क्षेत्रापासून मोजावा कीं सबंध पटापासून, हेंही त्याच्याच हातीं आलें.

ही बाब क्षुल्लक नव्हे. तांबडा व हिरवा यांतील भेद ज्यांना दिसत नाहीं, किंवा ज्यांच्या हातीं नकाशाची काळी-पांढरी प्रतच पडते, त्यांना पुराचें क्षेत्र कोणतें आणि निर्धोक भूमि कोणती, हें रेघाच सांगतात. रेघ संदिग्ध झाली तर नकाशा फसवा होतो. यंत्रानें कारागिराचे श्रम वांचविले खरे. पण कोणती खूण कोठें थांबावी, हा निर्णय अद्यापि माणसालाच करावा लागतो.