अखंड सेवेची यंत्रणा : भारवाटप आणि फेलओव्हर यांचा इतिहास

भारवाटप म्हणजे येणारे काम अनेक सर्व्हरांमध्ये वाटून देणे आणि फेलओव्हर म्हणजे एक सर्व्हर बंद पडताच त्याचे काम दुसऱ्याने आपोआप हाती घेणे. आज बँक, रेल्वे आरक्षण, शेअर बाजार यांपैकी कोणतीही मोठी सेवा या दोन सोयींशिवाय चालत नाही. दोन्हींचा उगम वेगवेगळा आहे आणि त्या एकत्र आल्या त्या विसाव्या शतकाच्या अखेरीस. या साऱ्या वाटचालीत राखीव यंत्र मिळवणे हा प्रश्न पैशाने सुटत गेला. खरी कसोटी लागली ती दुसऱ्याच प्रश्नावर : चालू यंत्र बंद पडले आहे, हे कोणी, कशावरून आणि किती वेळात ठरवायचे?

जोडीने यंत्रे चालवण्याची पद्धत आधी लष्करात रुजली. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी १९५८ मध्ये कार्यान्वित होऊ लागलेल्या ‘सेज’ व्यवस्थेत केंद्रावर निर्वात नलिकांचे संगणक जोडीने बसवलेले असत. नलिका सतत निकामी होत. म्हणून एक संगणक रडारची माहिती हाताळी आणि दुसरा तयारीत राही. नागरी व्यवहारात ही पद्धत आणली अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांच्या ‘सेबर’ या विमान आरक्षण व्यवस्थेने. न्यूयॉर्क राज्यातील ब्रायरक्लिफ मॅनर येथे त्यासाठी आयबीएम ७०९० हे दोन संगणक बसवले गेले आणि १९६४ मध्ये आरक्षणाचे सगळे काम त्यांच्यावर आले.

टेलिफोन सेवेची अपेक्षा याहून कडक होती. मे १९६५ मध्ये न्यू जर्सीतील सकासुना येथे सुरू झालेल्या बेल कंपनीच्या ‘वन ईएसएस’ या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजसाठी चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा जास्त बंद नाही, असे उद्दिष्ट ठेवलेले होते. त्यातले दोन प्रोसेसर एकच काम एकाच वेळी करत आणि त्यांचे निकाल ताडून पाहिले जात. निकाल जुळले नाहीत, की दोघांपैकी एक बिघडला आहे एवढे कळे; पण कोणता, हे त्यातून कळत नसे. ते शोधण्यासाठी निदानाचे वेगळे प्रोग्रॅम लिहावे लागले.

व्यापारी जगासाठी या विचाराला तयार मालाचे रूप दिले टँडेम कंपनीने. जिमी ट्रेबिग यांनी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात ती स्थापन केली आणि १९७६ मध्ये पहिले ‘नॉनस्टॉप’ यंत्र सिटीबँकेला दिले. त्यातला प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला इतर सर्वांना ‘मी जिवंत आहे’ असा संदेश पाठवी. एखाद्याचा संदेश आला नाही, की बाकीचे त्याला मृत मानत. प्रत्येक महत्त्वाच्या प्रोग्रॅमची राखीव प्रत दुसऱ्या प्रोसेसरवर असे आणि तिला कामाची ताजी स्थिती वेळोवेळी कळवली जाई. त्यामुळे ती अर्ध्यावर राहिलेले काम तिथूनच पुढे नेई. मुंबई शेअर बाजाराने १९९५ मध्ये आवाजी सौदे बंद करून ‘बोल्ट’ ही संगणकीय व्यवस्था आणली, तीही टँडेमच्या यंत्रांवरच उभी होती.

टँडेममधल्याच जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का थांबतात याचा अभ्यास मांडला. नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ४२ टक्के व्यवस्थापन, देखभाल आणि मांडणीतल्या चुकांमुळे झाले होते, २५ टक्के सॉफ्टवेअरमुळे आणि यंत्रभागांमुळे फक्त १८ टक्के. यंत्रभाग दुहेरी केल्यावर धोका माणसांच्या हाताळणीकडे आणि प्रोग्रॅमकडे सरकतो, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले.

भारवाटपाची गरज निर्माण केली वेबने. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेने १९९३ मध्ये ‘मोझेक’ ब्राउझर दिला आणि तिच्याच वेब सर्व्हरवर इतकी गर्दी लोटली, की एक यंत्र पुरेना. तेथील तंत्रज्ञांनी एकाच नावामागे अनेक सर्व्हर ठेवले. नाव विचारणाऱ्याला डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, आळीपाळीने वेगवेगळा आयपी पत्ता देई. पद्धत स्वस्त आणि सोपी होती, पण तिच्यात मोठी उणीव होती. एकदा मिळालेला पत्ता वाटेतले डीएनएस सर्व्हर काही काळ साठवून ठेवत. त्या पत्त्यावरचे यंत्र बंद पडले, तरी ग्राहक तिकडेच जात राहत. म्हणून वाटप करणाऱ्याने ग्राहक आणि सर्व्हर यांच्या मध्ये उभे राहून सर्व्हरांची प्रकृती स्वतः तपासावी, हा विचार पुढे आला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात लोड बॅलन्सर नावाची उपकरणे बाजारात आली. ती महाग होती.

हे काम साध्या संगणकावर आणले चीनच्या वेनसोंग झांग यांनी. त्यांनी मे १९९८ मध्ये ‘लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर’ हा मुक्त प्रकल्प सुरू केला. त्याच्या एका पद्धतीत ग्राहकाची मागणी वाटप करणाऱ्या यंत्रातून जाते, पण उत्तर सर्व्हरकडून थेट ग्राहकाला मिळते. वेबवर मागणी लहान आणि उत्तर मोठे असते. त्यामुळे एकच वाटप यंत्र मोठी गर्दी पेलू शकते. मात्र या मांडणीत एक नवा धोका तयार होतो. दहा सर्व्हरांपैकी एक गेला तर नऊ उरतात, वाटप करणारे यंत्रच गेले तर सगळेच थांबते.

म्हणून वाटप करणाऱ्या यंत्रांचीही जोडी लागली आणि इथे भारवाटप व फेलओव्हर एकत्र आले. त्याच सुमारास ॲलन रॉबर्टसन यांच्या लिनक्स एचए प्रकल्पाचे ‘हार्टबीट’ हे फेलओव्हरचे सॉफ्टवेअर आकाराला येत होते आणि एप्रिल १९९८ मध्ये ‘व्हीआरआरपी’ हा, सामाईक पत्ता कोणत्या यंत्राने बाळगायचा ते ठरवणारा नियमसंच प्रसिद्ध झाला. फ्रान्सच्या अलेक्झांडर कासँ यांनी सर्व्हरांची तपासणी आणि व्हीआरआरपी यांची सांगड ‘कीपअलाइव्हडी’ या प्रोग्रॅममध्ये घातली. आजही असंख्य सर्व्हरांवर तो चालतो.

त्याचे काम असे चालते. दोन्ही यंत्रांना स्वतःचा पत्ता असतो. ग्राहकांना माहीत असलेला तिसरा, सामाईक पत्ता मात्र एका वेळी एकाकडेच असतो. तो बाळगणारे मुख्य यंत्र दर सेकंदाला २२४.०.०.१८ या समूह पत्त्यावर आपली हजेरी लावते. राखीव यंत्र तीन हजेऱ्यांची वाट पाहते आणि वर आपल्या अग्रक्रमानुसार थोडा वेळ थांबते. अग्रक्रम १०० असेल तर एकूण सुमारे ३.६ सेकंद. तेवढ्यात हजेरी आली नाही, की ते सामाईक पत्ता स्वतःकडे घेते आणि आता हा पत्ता माझ्याकडे आहे, असा एआरपी संदेश जाळ्यावर पाठवते. राखीव यंत्रे एकाहून अधिक असतील, तर जास्त अग्रक्रमाचे यंत्र आधी जागे होते.

पण हजेरी न येणे म्हणजे मृत्यूच असे नाही. मधली केबल तुटली तरी हजेरी थांबते. मग दोन्ही यंत्रे स्वतःला मुख्य समजतात. या अवस्थेला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. नुसत्या वाटप यंत्रांत तिने गोंधळ होतो, डेटाबेसमध्ये तर माहितीच दुभंगते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या ‘व्हॅक्सक्लस्टर’मध्ये यावर बहुमताचा उपाय होता : निम्म्याहून अधिक मते ज्या गटाकडे, तोच काम चालू ठेवणार. संशयित यंत्राचा वीजपुरवठा तोडूनच मग त्याचे काम घ्यायचे, हा दुसरा उपाय. या उपायांनाही मर्यादा आहेत. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या ‘गिटहब’ या सेवेच्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. बहुमताने चालणाऱ्या यंत्रणेने नियमानुसार डेटाबेस पश्चिम किनाऱ्यावर हलवला. पण काही नोंदी पूर्वेकडेच राहून गेल्या होत्या. दोन्हीकडची माहिती जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली.

दरम्यान भारवाटप विकत घेण्याच्या उपकरणाऐवजी भाड्याने मिळणारी सेवा झाली. ॲमेझॉनने २००९ मध्ये ती सुरू केली. निर्णयाचा प्रश्न मात्र कायम राहिला. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. पर्यायी केंद्र असूनही त्या दिवशी व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. त्यानंतर बाजार नियामक सेबीने अशा प्रसंगी निर्णय घेण्याची कालमर्यादा कडक केली. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी राष्ट्रीय आणि मुंबई या दोन्ही शेअर बाजारांनी खास सत्रे भरवली आणि चालू व्यवहार मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर नेऊन दाखवले. राखीव यंत्रणेवर प्रत्यक्ष काम नियमितपणे चालवून पाहणे, हा आता देखभालीचाच भाग मानला जातो. कारण तिच्यातले दोष आणि निर्णयप्रक्रियेतला विलंब तिच्यावर खरे काम आल्यावरच उघड होतात.