भाताच्या मुलखातील भूक

नागपूर सोडून हावड्याच्या वाटेने पूर्वेस निघाले, म्हणजे गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे टाकीत गाडी दुर्गास येते, आणि त्यालाच लागून भिलाई. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींच्या नजरेत प्रथम दोन गोष्टी भरतात : कारखान्याची धुराडी आणि त्यांच्या पलीकडे पसरलेली भातखाचरे. या प्रदेशास हिंदीत 'धान का कटोरा' म्हणतात. असे असता याच कटोऱ्याकाठी माणसे अन्नावाचून कशी मेली, हा प्रश्न आम्हांस येथे आल्यापासून छळीत आला आहे. पाऊस पडला नाही, हे त्याचे उत्तर खरे, पण अर्धेच.

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत येथले धान्य बाहेर जाई ते वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. वाट लांब, वाहतूक महाग. त्यामुळे सुकाळात भाताला गिऱ्हाईक मिळत नसे आणि तो घराघरांतील कोठ्यांत साठून राही. १८८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत नागपुराहून राजनांदगावापर्यंत रूळ आले. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९१ पर्यंत हा मार्ग आसनसोलला जाऊन मिळाला. येथला भाव आता दूरच्या बाजारावरून ठरू लागला. भातास पैसा आला, मालगुजारास व व्यापाऱ्यास तो लाभला. सारा मात्र रोखीने भरावयाचा, म्हणून लहान कुळास कापणी होताच धान्य विकणे भाग पडे. कोठी रिकामी होऊ लागली, आणि तिच्या जागी हातात काय राहिले याचा हिशेब कोणी मांडला नाही.

तो हिशेब १८९६ साली काळानेच मांडला. पाऊस लवकर थांबला, भात करपला. मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडत नाही, अशी अधिकाऱ्यांची जुनी समजूत होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेली संहिता कचेऱ्यांत होती. मदतीची कामे केव्हा काढावी, मजुरी किती द्यावी, अपंगांस काय द्यावे, सारे तीत लिहिलेले होते. परंतु खर्च वाढेल या धास्तीने कामे उशिरा निघाली, आणि निघाली तेव्हा पुष्कळांच्या अंगात कामावर चालत जाण्याचे त्राण उरलेले नव्हते. १८९७ सालचे मध्यप्रांताचे मृत्यूचे आकडे भयंकर आहेत. पुढच्या वर्षी बसलेल्या आयोगाने या दिरंगाईवर बोट ठेवले.

दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, पाऊस पुन्हा चुकला. या वेळी छत्तीसगडातील भात जवळजवळ समूळ बुडाला. तथापि आता मदत वेळीच सुरू झाली, हात सैल सोडला गेला. १९०० च्या पावसाळ्यात प्रांतातील वीस लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर होती. ज्या रुळांवरून धान्य बाहेर गेले होते त्याच रुळांवरून ते आत आले. पटकीने बळी घेतले, हाल झाले. तरी पीक अधिक बुडाले असूनही मृत्यूचे प्रमाण १८९७ च्या मानाने कमी राहिले. मुलूख तोच, आगगाडी तीच, संहिताही बव्हंशी तीच. बदलला तो तिचा अर्थ लावणारा हात.

आणि नेमकी हीच त्या संहितेची उणीव होती. ती अधिकाऱ्यास दिलेली सूचना होती, उपाशी माणसाचा हक्क नव्हे. १८९६-९७ मध्ये टिळकांनी व पुण्याच्या सार्वजनिक सभेने ती खेड्यापाड्यांत समजावून सांगण्याचा उद्योग केला, तो सरकारास का झोंबला, हे यावरून ध्यानी येते. ज्याने वाचू नये त्याने ती वाचली होती!

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे रूप पालटले. फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाईच्या पोलादासाठी सोव्हिएट रशियाशी करार झाला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेशी पी. एल. ४८० खालील गव्हाचा. पोलाद एकाच्या साहाय्याने, पोळी दुसऱ्याच्या. १९६५-६६ च्या अवर्षणात अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे थोडी थोडी सोडून आपल्या परराष्ट्रनीतीचा लगाम आवळला, तेव्हा गहू हे केवळ अन्न नसून राजकारणातील शस्त्रही आहे, हे देशास कळून चुकले. १९६५ सालीच अन्न महामंडळ निघाले, पुढे हरितक्रांती झाली, कोठारे भरली.

भरलेल्या कोठारांनीही प्रश्न सुटला नाही. २००१ साली सरकारी गुदामांत पाच कोटी टनांहून अधिक धान्य असताना उपासमारीचा दावा सर्वोच्च न्यायालयात न्यावा लागला. छत्तीसगड राज्य त्यापूर्वी नुकतेच जन्मले होते. येथील रेशनचे निम्मे धान्य वाटेतच नाहीसे होई. २००४ साली राज्याने दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था व बचतगट यांच्याकडे सोपविली. धान्य दुकानाच्या दारापर्यंत पोचविण्याचे काम स्वतः पत्करले. मालमोटारी पिवळ्या रंगविल्या, का, तर त्या भलत्या दारी उभ्या राहिल्यास गावाच्या डोळ्यांत याव्या. २००९-१० पर्यंत गळती दहाव्या हिश्शावर आली, असे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून अर्थशास्त्रज्ञांनी अनुमान काढले. डिसेंबर २०१२ मध्ये, केंद्राच्या कायद्याआधीच, राज्याने अन्नसुरक्षेचा कायदा केला. संहितेने जे अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवले होते ते येथे कागदावर तरी हक्क झाले.

'कागदावर' असे आम्ही म्हणतो, कारण कागद हाच आमचा धंदा. १८९७ च्या दिरंगाईची हकीकत वाचताना आम्हांस आमचेच एक जुने मेज आठवले. दुसऱ्या एका गावी असताना एका मजुराच्या विधवेचा अर्ज आमच्याकडे आला होता. नवऱ्याचे नाव दोन दाखल्यांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले. आम्ही नियमाप्रमाणे शेरा मारून तो दुरुस्तीसाठी परत पाठविला. शेरा बिनचूक होता. तो अर्ज आमच्या बदलीपर्यंत परत आला नाही, आणि आम्हीही त्याची चौकशी केली नाही.