दोन बाजांएवढी जागा

रिठदमधल्या जुन्या घराच्या ओसरीवर तुम्ही बसला आहात. वैशाखातली उतरती दुपार. आईने आत्ताच अंगणात सडा टाकलाय. तापल्या मातीची वाफ आणि वास एकदमच अंगावर येतो. डोळे मिटा.

उघडता तेव्हा 1850 सालचं क्योतो असतं आणि वास तोच. हे एका व्यापाऱ्याचं लाकडी घर, 'माचिया'. तोंडाशी अरुंद, आत बोळासारखं लांबच लांब. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड आणि मध्ये आभाळाला उघडा चौक, 'त्सुबोनिवा'. एक त्सुबो म्हणजे दोन जपानी चटया, साधारण 36 चौरस फूट. आपल्या दोन बाजा जेमतेम लागतील एवढी जागा!

पाऊल टाका. दगड असे मांडलेत की घाईने चालताच येत नाही. कोपऱ्यातलं पाण्याचं दगडी कुंड मुद्दाम बुटकं ठेवलंय. हात धुवायचे तर वाकावंच लागतं. शेजारी नेचा, थोडं शेवाळ. घरातली बाई चौकात पाणी शिंपडते, त्याला इथे 'उचिमिझु' म्हणतात. ओला चौक गार होतो, बिऱ्हाडामागचं अंगण मात्र तापलेलंच असतं. गार हवा तिकडे सरकते आणि घरातून झुळूक जाते. तुमच्या मानेवरचा घाम वाळतो.

पुन्हा डोळे मिटा. 1939. याच शहरातलं तोफुकुजी मंदिर. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान पुढे ज्या बागेवरून घडलं, ती बाग ओकायामातली. त्याच प्रांतात जन्मलेले उद्यानरचनाकार मिरेइ शिगेमोरी इथे बाग रचताहेत. मंदिराचं सांगणं असं की, इथलं जुनं काही वाया जाऊ द्यायचं नाही. शौचगृहाच्या पायातून निघालेले सात गोल दगड ते खडीत रोवतात, कुठे उंच, कुठे ठेंगणे. तुम्ही दोन पावलं मागे सरता आणि ओळखता: सप्तर्षी!

डोळे उघडा. रिठद. सडा वाळत आलाय. भिंतीशी जुन्या जोत्याचे घडीव दगड पडून आहेत. उद्या अख्ख्या अंगणात गट्टू बसणार आहेत. तुम्ही उठून एक दगड तुळशीकडे सरकवता.

"ते दगड कायले पायजेत?" आई विचारते.

तुळशीभोवती दोन बाजांएवढी माती तुम्ही पायाने आखता. एवढी उघडी राहू दे आई, सड्यासाठी.