पुणेरी पलटणची संघबांधणी

पुणेरी पलटण हा प्रो कबड्डी लीगमधील पुण्याचा संघ आहे. लीगच्या २०१४ मधील पहिल्या हंगामापासून तो स्पर्धेत आहे. होतकरू खेळाडू घडवावेत की लिलावात मोठी रक्कम मोजून नामवंत खेळाडू घ्यावेत, या प्रश्नाच्या संदर्भात या संघाचे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

पद्धती

लीगमधील प्रत्येक संघाच्या खेळाडूंवरील खर्चाला मर्यादा असते. दहाव्या हंगामासाठी (२०२३-२४) ती ५ कोटी रुपये होती. लिलावाव्यतिरिक्त नवोदित युवा खेळाडूंना थेट करारबद्ध करण्याची व पुढील हंगामांत कायम राखण्याची मुभा संघांना असते. त्यामुळे एका खेळाडूवर मोठी रक्कम खर्च केल्यास उर्वरित संघासाठी तेवढाच निधी कमी उरतो.

युवा खेळाडूंवर भर

असलम इनामदार, मोहित गोयत व पंकज मोहिते हे चढाईपटू पुण्याने नवोदित म्हणून घेतले व टिकवले. कबड्डीत पकडला गेलेला चढाईपटू सहकाऱ्यांनी गुण मिळवेपर्यंत मैदानाबाहेर राहतो. साहजिकच एकाच मोठ्या चढाईपटूवर विसंबणाऱ्या संघाची चढाई अशा वेळी खुंटते; तीन-चार समर्थ चढाईपटू असलेल्या संघाला ही अडचण कमी जाणवते.

महागडे बचावपटू

नवव्या हंगामासाठी पुण्याने इराणचा कोपरारक्षक फझल अत्राचली याला १.३८ कोटी रुपयांना घेतले. डिसेंबर २०२२ मधील अंतिम सामन्यात मात्र जयपूर पिंक पँथर्सने पुण्याला ३३-२९ असे नमवले. पुढील लिलावात इराणच्याच मोहम्मदरेझा शाडलुईसाठी २.३५ कोटी, म्हणजे मर्यादेच्या ४७ टक्के रक्कम मोजण्यात आली. चढाईची बाजू तुलनेने अल्प खर्चात उभी राहिल्यामुळेच ही खरेदी पेलता आली. शाडलुई पकडीच्या ९९ गुणांसह त्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटू ठरला, तर कर्णधार इनामदार सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुण्याने पहिले विजेतेपद मिळवले.

तुलना

त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २.६०५ कोटी रुपये मोजले. तो संघ गुणतक्त्यात अखेरच्या स्थानी राहिला. तत्पूर्वीच्या हंगामात तमीळ थलायवाजने २.२६ कोटींना घेतलेला सेहरावत पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला होता. तरीही थलायवाज संघ उपांत्य फेरीत पोहोचला.

विजेतेपदानंतर

अकराव्या हंगामासाठी शाडलुई २.०७ कोटींना हरयाणाकडे गेला. पुण्याला बाद फेरी गाठता आली नाही. हरयाणाने मात्र २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून विजेतेपद पटकावले. शाडलुई त्या हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. बाराव्या हंगामात इनामदारच्या नेतृत्वाखाली पुण्याने पुन्हा अंतिम फेरी गाठली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेला हा सामना दबंग दिल्लीने ३१-२८ असा जिंकला.

या संघाने शाडलुईशिवाय दोनदा अंतिम फेरी गाठली; परंतु त्याचे एकमेव विजेतेपद शाडलुई संघात असतानाचे आहे.