सांचीचे लहान दाते

भोपाळहून ईशान्येस सुमारे ४५ किलोमीटरांवर सांचीचा स्तूप आहे. त्याच्या तोरणांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली असतील. मला आज दगडांवर कोरलेल्या साध्या ओळींविषयी बोलावयाचे आहे. अशा सहाशेंहून अधिक ओळी तेथे आहेत व बहुतेकांचा शेवट एकाच शब्दाने होतो: ‘दानं’. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांना या अखेरच्या दोन अक्षरांवरूनच ब्राह्मी लिपीची किल्ली सापडली.

हे दाते कोण? राजे त्यांत विरळा. गृहस्थ, व्यापारी, विणकर, लेखनिक आणि भिक्षुणी. स्त्रियांची नावे तर लक्षात भरण्याइतकी. दक्षिण तोरणावर आपल्या ओळखीचे एक नाव भेटते. सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचे ते दान होय. हे नाव वाचताना पैठणची आठवण कोणास होणार नाही? शाळेतल्या पंख्यावर देणगीदाराचे नाव पाहून आपण हसतो. पण त्या हौसेमुळेच ही माणसे आपणांस ठाऊक झाली.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो उपासिका हरिस्वामिनीचा लेख, गुप्त संवत् १३१ मधला, म्हणजे इ. स. ४५० च्या सुमाराचा. तिने संघास बारा दीनार दिले. मुद्दल राखून त्याच्या व्याजातून रोज एका भिक्षूस जेवू घालावे, अशी व्यवस्था केली. दिव्यांसाठी आणखी चार दीनार ठेवले. गृहिणीचाच हा हिशेब!

ही पद्धत आपल्याकडेही होती. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताने विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक दराने ठेवले. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. वीस भिक्षूंस वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. गणित तंतोतंत जुळते.

हे सारे भिक्षुसंघासाठी, दीनदुबळ्यांचे काय, असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार नाही. मात्र अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसे व पशू या दोघांच्याही औषधोपचाराची, रस्त्याकाठच्या विहिरींची व झाडांची नोंद केलेली आहे.

पुढे हे स्थान रानात बुडाले. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन मार्शल यांनी त्याची डागडुजी केली, तेव्हा खर्चाचा भार उचलला तो भोपाळच्या सुलतान जहान बेगमांनी. मुसलमान राज्यकर्तीने बौद्ध स्तूपासाठी दिलेले हे दानही त्याच परंपरेतले, आणि दाती पुन्हा एक स्त्रीच.