गावची खोली आणि भाडेपावती

कणकवली परिसरातील आपले ज्ञातिबांधव देवगड-मालवणच्या बंदरांतून बोटीने मुंबईस जात, ते बिऱ्हाड थाटावयास नव्हे. लालबाग-परळच्या चाळीत एक खोली साऱ्या गावाने मिळून भाड्याने घ्यावी, अशी रीत होती. प्रत्येकाच्या वाट्यास एक ट्रंक आणि गिरणीच्या पाळीप्रमाणे निजण्यापुरती जागा येई. भाडे वर्गणीतून भरले जाई. पावती मात्र एकाच इसमाच्या नावे फाटे.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले, म्हणून या खोल्या गरिबांस परवडत राहिल्या. पागडी घेणे त्या कायद्याने गुन्हा होता. तरी तिच्यावाचून जागा मिळणे कठीण, आणि तिची पावती देणार कोण! १९९९ च्या कायद्याने, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आल्यावर, पागडीस मान्यता मिळाली. परंतु भाडेकरूच्या पश्चात हक्क जावयाचा तो त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांकडे. गाव हे कायद्याच्या दृष्टीने कुटुंब नव्हे! १९८२ च्या संपानंतर गिरणगाव पालटले, चाळींच्या जागी उंच इमारती उठल्या. नव्या सदनिकेवर हक्क सांगावयास पावती लागते. वर्गणीदारांजवळ असल्यास फार तर हिशेबाची वही. ज्या घरांत अशा वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत.